बाटलीवरचं पान आणि बाटलीतली गोळी

(मंडळाच्या आरोग्य-दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सर्वप्रथम कार्यकारिणीचे मनापासून आभार. आभार दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे मला बोलायला बोलावलंत, आणि दुसरं म्हणजे विषय कळल्यावरही आमंत्रण मागे घेतलं नाहीत! मुलांना शेजारच्या खोलीत किल्ला बांधायला बसवलं आहे, तेव्हा आपण मोकळेपणाने बोलू शकतो.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी कॉम्प्युटर इंजिनियर, पोटापाण्याला आयटी कन्सल्टंट. मग या विषयावर मी का? तर आमचा निम्मा दिवस बारीक अक्षरातले कागद वाचण्यात जातो. विकणारा काय म्हणतो आणि माल प्रत्यक्षात काय करतो, यातलं अंतर शोधण्याचे आम्हाला पैसे मिळतात. तीच सवय मी गेली दोन वर्षं एका वेगळ्या मालावर वापरली. तो माल म्हणजे पुरुषांच्या 'ताकदी'साठी विकल्या जाणाऱ्या 'नॅचरल', 'हर्बल', 'आयुर्वेदिक' गोळ्या, पावडरी आणि अवलेह.

आता शब्दांपासून सुरुवात करू, कारण आपली निम्मी अडचण तिथेच आहे. लिंगाला पुरेशी ताठरता न येणं किंवा ती न टिकणं, याला इंग्रजीत इरेक्टाइल डिसफंक्शन म्हणतात, थोडक्यात ईडी. (भारतात हल्ली ईडी म्हटलं की वेगळ्याच लोकांना घाम फुटतो, ते सोडा!) मराठीत याला आपण सरळ 'नपुंसकत्व' म्हणून मोकळे होतो. म्हणजे एका रक्तवाहिनीच्या तक्रारीसाठी आख्ख्या माणसाला शिवी. मग तो माणूस बोलणार कसा? लहानपणी आगगाडीतून जाताना रुळांलगतच्या भिंतींवर 'गुप्तरोग', 'मर्दाना कमजोरी', 'खात्रीशीर इलाज' हे आपण सगळ्यांनी वाचलंय. गंमत म्हणजे अशा जाहिरातींना भारतात १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. कायदा कागदावर आणि जाहिरात भिंतीवर! त्या भिंतींचा आपल्यावर एक परिणाम मात्र पक्का झाला. ही गोष्ट लपवायची, आणि तिचा इलाजही लपूनछपून करायचा.

खरं तर ही इतकी सर्वसामान्य तक्रार आहे की लपवण्यासारखं त्यात काही नाही. बॉस्टनच्या परिसरात ४० ते ७० वयाच्या पुरुषांची एक मोठी पाहणी झाली होती, १९९४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यात ५२ टक्के पुरुषांना कमी-जास्त प्रमाणात हा त्रास होता. म्हणजे या हॉलमधल्या चाळिशीपुढच्या पुरुषांकडे बघा... नको, बघू नका, उगाच सगळे खाली बघायला लागतील!

आता थोडं प्लंबिंग समजून घेऊ. ताठरता येते ती रक्ताने. मेंदूकडून निरोप आला की मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो. त्याने तिथले स्नायू सैलावतात, रक्त आत भरतं आणि आत अडकून राहतं. हा वायू रक्तवाहिन्यांमध्ये निरोप्याचं काम करतो, हे शोधून काढल्याबद्दल तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ मध्ये नोबेल मिळालं. त्याच वर्षी मार्चमध्ये व्हायग्राला अमेरिकेत परवानगी मिळाली. व्हायग्रातलं औषध, म्हणजे सिल्डेनाफिल, मुळात शोधत होते छातीतल्या दुखण्यासाठी, अंजायनासाठी. चाचण्या चालू असताना त्याचा हा 'दुसरा' उपयोग लक्षात आला.

हृदय आणि हा अवयव, दोघांची पाइपलाइन एकाच बनावटीची आहे, हे यावरून ध्यानात घ्या. फरक व्यासाचा. हृदयाच्या धमन्या साधारण ३ ते ४ मिलिमीटरच्या, आणि लिंगाच्या १ ते २ मिलिमीटरच्या. साखरेने, तंबाखूने, कोलेस्टेरॉलने, रक्तदाबाने नळ्या खराब व्हायला लागल्या की आधी कुठली तुंबणार? बारीक नळी. त्यामुळे अनेक पुरुषांमध्ये ही तक्रार हृदयविकार दिसायच्या दोन ते पाच वर्षं आधी सुरू होते. आमच्या भाषेत सांगायचं तर ही सिस्टिमने पाठवलेली वॉर्निंग आहे. आणि आपण काय करतो? वॉर्निंग दिसू नये म्हणून स्क्रीनवर कागद चिकटवतो.

हे आपल्याला जास्त लागू आहे. इथे अमेरिकेत राहणाऱ्या दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयाचा अभ्यास सॅन फ्रान्सिस्को बे एरिया आणि शिकागो इथे २०१० पासून चालू आहे. त्याचं नाव 'मसाला' (हो, खरंच!). त्यात चाळिशीपुढच्या आपल्या लोकांमध्ये मधुमेहाचं प्रमाण सुमारे २३ टक्के दिसलं, तशाच दुसऱ्या अभ्यासात गोऱ्यांमध्ये ते सुमारे ६ टक्के होतं. म्हणून इथली मधुमेहाची संघटना २०१५ पासून सांगते की आशियाई वंशाच्या लोकांची साखर बीएमआय २५ ऐवजी २३ लाच तपासा. पाच फूट आठ इंच उंचीच्या माणसाला हा आकडा साधारण १५१ पौंडांवरच गाठता येतो. म्हणजे ज्याला आई फोनवर 'किती वाळलास रे' म्हणते, तोही यात बसतो!

आता माझ्या एका मित्राची हकिगत सांगतो. त्याची आणि वहिनींची परवानगी घेऊन सांगतोय, नाव मात्र घेणार नाही. वय ३८. माझ्यासारखाच कन्सल्टंट. सोमवारी पहाटे विमान, गुरुवारी रात्री परत. त्रास सुरू झाला तेव्हा त्याने सगळं खापर प्रवासावर आणि प्रोजेक्टवर फोडलं. मग ऑनलाइन एक बाटली मागवली. वर हिरवं पान, संस्कृत वाटेल असं नाव, 'शंभर टक्के नैसर्गिक'. ती घरात नको म्हणून गाडीच्या ग्लोव्ह कंपार्टमेंटमध्ये. आणि काय सांगू, पहिल्या गोळीपासून फरक! फक्त डोकं दुखायचं, चेहरा लाल व्हायचा, नाक चोंदायचं. हा खूश. 'बघ, आपलं आयुर्वेद' असं मलाही म्हणाला होता, कशाबद्दल ते न सांगता.

आठ महिने असेच गेले. बाटली संपली की जवळिकीची वेळ आली तरी हा टाळायचा. लॅपटॉप उघडून बसायचा, ऑफशोअरचा कॉल आहे म्हणायचा. वहिनींना वाटलं, आपल्यात काही राहिलं नाही, किंवा दुसरं कोणी तरी आहे. एकदा गाडीत इन्शुरन्सचे कागद शोधताना त्यांना ती बाटली मिळाली. त्या रात्री घरात काय झालं असेल, याची तुम्ही कल्पना करा. ही बाटली आपल्यासाठी नाहीच, असंच त्यांना वाटलं. परक्या देशात, दोन लहान मुलं, आणि बोलायला कोणी नाही. लग्न मोडायची वेळ आली होती, ती एका न बोललेल्या वाक्यामुळे.

शेवटी वहिनींनीच त्याला फॅमिली डॉक्टरकडे नेलं. ए-वन-सी निघालं ९.२. रक्तदाब १५० वर ९६. ज्याच्या वडिलांना बावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅक आलेला, तो माणूस आठ महिने मधुमेह अंगावर काढत होता, आणि ती वॉर्निंग गोळीने दाबत होता. आज दोन वर्षांनी त्याची साखर आटोक्यात आहे, तो रोज चालतो, रीतसर प्रिस्क्रिप्शनची गोळी घेतो, आणि मुख्य म्हणजे घरात हसणं परत आलंय.

त्या बाटलीत काय होतं, ते कोणी तपासलं नाही. पण डोकेदुखी, लाल चेहरा, चोंदलेलं नाक हे सिल्डेनाफिलचे अगदी नेहमीचे दुष्परिणाम आहेत, हे मला नंतर वाचताना कळलं. आणि तिथून माझं वाचन सुरू झालं.

इथल्या कायद्यापासून सुरू करतो. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने डाएटरी सप्लिमेंट हा वेगळा वर्ग झाला. औषध बाजारात आणण्याआधी ते काम करतं आणि सुरक्षित आहे, हे एफडीएला पटवावं लागतं. सप्लिमेंटला तशी परवानगी लागत नाही. माल बाजारात आल्यावर काही गडबड सापडली, तर एफडीए मागाहून कारवाई करते. म्हणजे टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनमध्ये, आणि बग सापडायचे ते गिऱ्हाइकाच्या शरीरात!

२००७ ते २०१६ या काळात एफडीएला ७७६ सप्लिमेंटमध्ये लपवलेली औषधं सापडली. त्यांतली ३५३, म्हणजे जवळजवळ निम्मी, लैंगिक ताकदीसाठी विकली जाणारी होती. आणि त्यांत सर्वांत जास्त वेळा सापडलं ते हेच आपलं सिल्डेनाफिल. लेबलवर अश्वगंधा आणि पोटात व्हायग्रा! जुलै २०२२ मध्ये तर एफडीएने मधाच्या पुड्या विकणाऱ्या कंपन्यांना ताकीद दिली, त्या मधातही सिल्डेनाफिल आणि तसंच दुसरं औषध टाडालाफिल निघालं. तेव्हा एखादी 'जडीबुटी' अर्ध्या तासात चमत्कार करायला लागली, तर आनंद मानण्याऐवजी शंका घ्या.

कोणी म्हणेल, असेना का व्हायग्रा, काम झालं ना? इथेच जिवाशी गाठ आहे. हृदयरोगाच्या कित्येक रुग्णांकडे नायट्रेटची गोळी असते. आपल्याकडे जिभेखाली ठेवायची 'सॉर्बिट्रेट' घराघरांत माहीत आहे. सिल्डेनाफिल आणि नायट्रेट एकत्र आले की रक्तदाब धाडकन कोसळतो, माणूस जाऊ शकतो. डॉक्टर लिहून देतात तेव्हा हा प्रश्न आधी विचारतात. बाटली विचारत नाही. इमर्जन्सी रूममधल्या डॉक्टरांनी 'व्हायग्रा घेतली आहे का' विचारलं, तर हा माणूस प्रामाणिकपणे 'नाही' म्हणणार, कारण त्याला माहीतच नाही. प्रोस्टेटसाठीच्या काही गोळ्यांबरोबरही रक्तदाब असाच उतरू शकतो. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या बाबांच्या औषधांच्या डब्यात काय काय आहे, ते एकदा नजरेखालून घाला.

दुसरा धोका धातूंचा. २००८ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी साधारण दर पाचांतल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. ती उत्पादनं भारतात बनलेली होती तशीच अमेरिकेत बनलेलीही होती. ज्यांत धातू मुद्दाम घालतात अशा रसौषधींमध्ये प्रमाण आणखी जास्त होतं. तेव्हा भस्म, 'रस' असं काही नाव दिसलं, तर स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नका.

आता प्रत्येकाच्या मनातला प्रश्न. मग वनस्पतींमध्ये काहीच नाही का? प्रामाणिकपणे, एकेक घेऊ.

अश्वगंधा. ताणतणावासाठी थोडा उपयोग दाखवणारे अभ्यास आहेत. पण मानसिक कारणाने आलेल्या ईडीवर भारतातच एक छोटी चाचणी झाली, २०११ मध्ये छापून आली. त्यात अश्वगंधा आणि खोटी गोळी, दोन्ही सारख्याच ठरल्या. शिवाय यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, आणि थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी विशेष जपायला हवं. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली.

गोखरू. काही चाचण्यांत फायदा दिसतो, काहींत खोट्या गोळीइतकाच. सफेद मुसळीवर माणसांमध्ये घेतलेल्या मोठ्या चाचण्या नाहीत. कवचबीज, म्हणजे आपली खाजकुयली, हिच्यात लेव्होडोपा असतं, जे पार्किन्सनच्या रुग्णांना देतात. म्हणजे ते रीतसर औषध आहे, चिवडा नव्हे, की आला हात तर घातला बकाणा!

कोरियन जिनसेंग. याच्यावर बरेच अभ्यास झाले. २०२१ मध्ये ते सगळे एकत्र करून तपासले तेव्हा फायदा अगदी किरकोळ निघाला. योहिम्बे, आफ्रिकेतल्या एका झाडाची साल. याचा थोडाफार परिणाम होतो, पण रक्तदाब वाढतो, छाती धडधडते, जीव घाबरा होतो. ज्याला आधीच रक्तदाब आहे त्याने याच्या वाटेला जाऊ नये.

एल-आर्जिनिन. हे एक अमिनो आम्ल, यापासूनच शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवतं. सौम्य त्रासात काहींना फायदा झालेला दिसतो. पण २००६ मध्ये हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांवरची त्याची एक चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण आर्जिनिन घेणाऱ्यांतले सहा जण दगावले आणि खोटी गोळी घेणाऱ्यांतलं कोणीही नाही. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे, हे सांगायला याहून मोठा पुरावा कशाला हवा?

यात मी आयुर्वेदाला नावं ठेवतोय असं कृपया समजू नका. वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक, चरकसंहितेत त्याला स्वतंत्र अध्याय आहे. पण तिथे वैद्य आधी माणूस बघतो. त्याचं पचन, झोप, मन, वय सगळं विचारतो. कोणत्या तरी गोदामातून आलेली बाटली तुमची नाडी बघत नाही. वैद्याकडे जायचं असेल तर जरूर जा, फक्त ए-वन-सीचा रिपोर्ट हातात घेऊन जा, आणि इथल्या डॉक्टरला काय घेताय ते सांगा.

बरं, मग खरोखर चालणारा नैसर्गिक उपाय आहे का? आहे! आणि तो फुकट आहे, म्हणूनच त्याची जाहिरात होत नाही. इटलीत ११० लठ्ठ पुरुषांवर दोन वर्षं एक चाचणी झाली, २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना आहार आणि व्यायामाचं नीट मार्गदर्शन, निम्म्यांना नुसता वरवरचा सल्ला. मार्गदर्शन मिळालेल्या ५५ पैकी १७ जणांची तक्रार गेली, बाकीच्या ५५ पैकी फक्त तिघांची. गोळी नाही, पावडर नाही. आठवड्याला साधारण तीन तास हालचाल आणि पोट कमी.

ब्रिटनमध्ये ५५ पुरुषांना ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवले. सहा महिन्यांनी त्यांतले ४० टक्के पूर्ववत झाले. लघवी मध्येच रोखताना जो स्नायू आवळतो, तो हा. योगासनांच्या वर्गात मूलबंध शिकला असाल तर ओळख पटेल. ट्रॅफिकमध्ये बसल्या बसल्या करता येतो, कोणाला कळतही नाही!

याखेरीज सिगारेट सोडणं, दारू आवरणं, झोप नीट होणं. घोरणं फार असेल तर स्लीप ॲप्नियाची तपासणी करून घ्या, त्याचाही याच्याशी संबंध आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्या यांनीही हा त्रास होतो. तसं वाटलं तर त्या आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, बहुतेक वेळा पर्याय असतो.

आणि मन. व्हिसाची टांगती तलवार, लेऑफची कुजबुज, आईवडील तिकडे आजारी... हे सगळं डोक्यात घेऊन माणूस खोलीत जातो. एक ढोबळ खूण सांगतो. पहाटे झोपेत ताठरता नेहमीसारखी येत असेल, तर नळ्या बहुधा ठीक आहेत, ओझं मनावर आहे. तीही येईनाशी झाली असेल, तर शरीर तपासून घ्यायलाच हवं. दोन्हींसाठी मदत मिळते, आणि समुपदेशकाकडे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे.

मग करायचं काय? डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्या. फोनवर कारण विचारलं तर 'ॲन्युअल फिजिकल' सांगा. आत गेल्यावर एकच वाक्य बोलायचं, 'आय हॅव ट्रबल विथ इरेक्शन्स.' त्यांनी हे वाक्य त्या आठवड्यात आधीही ऐकलेलं असतं. साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब तपासून घ्या, टेस्टोस्टेरॉनचं विचारा. घरात काय काय बाटल्या आहेत त्या सोबत न्या, लाजू नका. औषध लागलंच तर जेनेरिक सिल्डेनाफिल इथे २०१७ च्या डिसेंबरपासून मिळतं, आणि त्या हिरव्या पानाच्या बाटलीपेक्षा बरेचदा स्वस्त पडतं. त्यात किती मिलिग्रॅम काय आहे, तेही लिहिलेलं असतं! आणि कुठल्याही गोळीनंतर ताठरता चार तासांहून जास्त टिकली, तर तो पराक्रम समजू नका, सरळ इमर्जन्सी रूम गाठा.

इथे बसलेल्या वहिनींना, ताईंना एक विनंती. नवरा टाळतोय असं वाटलं तर लगेच स्वतःला किंवा त्याला दोष देऊ नका. बहुतेक पुरुष हे प्रेम आटल्यामुळे नव्हे, तर लाजेमुळे करतात. 'चल, आपण दोघं डॉक्टरकडे जाऊ' एवढं वाक्य पुरतं. आमच्या वहिनींनी तेच म्हटलं, म्हणून आज ते घर उभं आहे.

आणि मित्रहो, आपण मंडळात गणपतीपासून ग्रीन कार्डापर्यंत सगळ्यांवर बोलतो. गुडघा दुखला तर दहा जणांना सांगतो. याबद्दलही एका तरी माणसाला सांगा. आज प्रश्नोत्तरांसाठी आपल्यातल्या दोन डॉक्टरांनी थांबायचं कबूल केलंय. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नसेल त्यांच्यासाठी दाराजवळ चिठ्ठ्यांचा डबा ठेवलाय, नाव लिहायची गरज नाही.

तुम्हां सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. फराळ बेताने, चालणं भरपूर!